काकूंना कोणी उचलायचं नाही

आमच्या काकू माणसाला हाक मारत नसत, हॉर्न मारत. एक छोटा हॉर्न म्हणजे चहा ठेव. दोन म्हणजे माझा चष्मा शोध. आणि एक लांबलचक हॉर्न म्हणजे फाटकाशी नको असलेलं माणूस आलं आहे, तू बाहेर जा आणि काकू झोपल्या म्हणून सांग. ज्या घरात एवढा लांब हॉर्न वाजतो त्या घरात कोणी झोपलेलं कसं असेल, हे फाटकावरच्या माणसालाही कळायचं. पण मी मान खाली घालून "काकू झोपल्या" एवढंच म्हणायचे आणि ते माणूस गुपचूप परत जायचं. काकू म्हणत, "शोभा लाजते न, म्हणून तिचं खोटंबी खरं वाटते. मी खरं बोलली तरी लोक हासतात."

हॉर्न होता त्यांच्या स्कूटरचा. ही रस्त्यावर पळणारी पेट्रोलची स्कूटर नव्हे. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी बॅटरीवरची एक गाडी मिळते. चार लहान चाकं, बसायला खुर्ची, पुढे दांडा, दांड्याला टोपली. बसल्या बसल्या घरात, गल्लीत, बाजारात फिरता येतं. पिपरी मेघेतल्या त्या घरात अशा दोन होत्या, काकूंची लाल आणि काकाजींची राखाडी. काकूंचे गुडघे आणि कंबर, दोन्ही गेलं होतं. काकाजींचा डावा पाय लकव्यानंतर पुन्हा उठलाच नाही. पुण्याच्या मुलानं दोन्ही स्कूटर एकदमच आणल्या. दोघांचा जन्म कापसाच्या व्यापारात गेलेला. दुकानावर नाव काकाजींचं, पण बोंडातला कापूस चिमटीत धरून, धागा ओढून पाहून भाव ठरवायच्या काकू. व्यापार बंद झाला तेव्हापासून मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला आणि वरकामाला होते.

स्कूटरच्या दांड्यावर एक बटन होतं. त्याच्या एका बाजूला कासवाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला सशाचं. कासवाकडे फिरवलं की गाडी हळू, सशाकडे फिरवलं की जोरात. काकाजींचं बटन कायम कासवावर. काकूंनी कासवाचं चित्र कधी पाहिलं होतं की नाही, मला शंका आहे. भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी ओरडला की लाल स्कूटर अशी सुटायची की कोंबड्या आणि शेजारचे गुरुजी एकाच वेळी ओट्यावर चढायचे. काकाजी पोचेपर्यंत काकूंची भाजी घेऊन, भाव पाडून, वर कोथिंबीर मागूनही झालेली असे. काकाजी म्हणत, "हळू जात जा वं. गोष्टीत कासवच जितते." काकू म्हणत, "गोष्टीत जितते. वांगे मात्र सशालेच चांगले भेटतात."

एका वर्षी तान्ह्या पोळ्याला त्यांनी जे केलं ते आमच्या गल्लीत अजून सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं आपापले चाकांचे लाकडी बैल सजवून तोरणाखाली आणतात, आणि ज्याचा बैल सुंदर त्याला बक्षीस मिळतं. आदल्या दिवशी दुपारी काकूंनी मला पुठ्ठा आणायला लावला. मी शिंगं कापली, शिंगांना बेगड लावली. जुन्या शालूची झूल झाली. दुसऱ्या दिवशी मुलांच्या रांगेत, लाकडी बैलांच्या मागे, काकूंची लाल स्कूटर शिंगं लावून उभी. बक्षीस वाटणारे गृहस्थ म्हणाले, काकू, हे लहान मुलांसाठी आहे. काकू म्हणाल्या, "बैल पाह्य न बापा. मालकाचं वय काऊन पाहून राह्यला?" मुलांनी एवढा गोंधळ केला की काकूंना बक्षीस द्यावंच लागलं. मग काकू बैल घेऊन घरोघर गेल्या आणि लहान मुलांसारखा हक्कानं बोजारा मागितला. तान्ह्या पोळ्याला बैल दारी आला की काहीतरी हातावर ठेवावं लागतं, त्याला आमच्याकडे बोजारा म्हणतात. जमलेलं सगळं त्यांनी मुलांत वाटलं, पण बक्षिसाचा स्टीलचा डबा काही दिला नाही. त्यात त्या सुपारी ठेवत.

अशी ही बाई घरापासून बाजारापर्यंतच का जायची, त्याच्या पलीकडे का नाही, हे फार थोड्यांना माहीत होतं. मला माहीत होतं, कारण तेव्हा मी तिथे होते.

काकूंचं माहेर समुद्रपूरचं. तिथे त्यांचे धाकटे भाऊ, त्यांना आम्ही सगळे मामाजी म्हणतो. मामाजींच्या मोठ्या मुलाचं लग्न होतं. मंडपात नवरानवरीचं स्टेज छातीएवढं उंच, बाजूला अरुंद लाकडी पायऱ्या. काकूंनी खालूनच अक्षता टाकायचं ठरवलं होतं. पण मामाजींना राहवलं नाही. त्यांनी मुलाच्या मित्रांना खूण केली. काकूंना स्कूटरवरून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, चौघांनी चार पाय धरले आणि वर उचललं. लाऊडस्पीकरवर कोणीतरी म्हणालं, बाजूला व्हा, आत्याबाई येऊन राह्यल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू सारख्या म्हणत होत्या, खाली ठेवा, खाली ठेवा. त्यांचा पदर खांद्यावरून सरकला होता आणि खुर्ची डुलत होती, म्हणून हात सोडून तो सावरताही येत नव्हता. मी खाली त्यांच्या चपला धरून नुसती उभी होते. त्या लग्नाच्या अल्बममध्ये तो फोटो आहे. काकूंचं तोंड उघडं आहे. पाहणाऱ्याला वाटतं, त्या हसत आहेत.

आम्ही घरी आलो. रात्री मी त्यांच्या पायांना तेल लावत होते तेव्हा म्हणाल्या, "गणपतीले उचलतात, कारण तो बोलत नाई. मी तं बोलून राह्यली होती न वं." आणि मग, "आता जिथं उचला लागते, तिथं मी जात नाई."

आता उचलावं लागत नाही अशी जागा आपल्याकडे कुठे आहे? समुद्रपूरच्या घराला चार पायऱ्या. बसची पायरी गुडघ्याएवढी. रेल्वेच्या डब्यात चढायचं तर दोन हमाल. पुण्याचा मुलगा म्हणाला, विमानानं ये, तिथे चाकांची खुर्ची असते, माणसं उचलून आत बसवतात. "माणसं उचलून" एवढं ऐकून काकूंनी फोन माझ्या हातात दिला. त्यांच्या माहेरी बारसं झालं, वास्तुशांती झाली, पण त्या गेल्या नाहीत. आहेर मात्र पाठवत राहिल्या. मामाजींना वाटलं, आक्काचा काहीतरी मानपानाचा राग आहे. ते फोनवर माफी मागत, पण कशाची मागायची ते त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे ती चुकीच्या गोष्टींची असे. एकदा त्यांनी साडी हलकी दिली म्हणून माफी मागितली. तेव्हा काकूंना पहिल्यांदा कळलं की साडी हलकी होती.

घरगाडीची कल्पना काकाजींची. ते दिवसातून चार वाक्यं बोलत आणि त्यातलं एक मिठाबद्दल असे. एका संध्याकाळी मोबाइलवर काहीतरी पाहत होते. त्यात एका मोटारीच्या मागे एक पांढरी खोलीच जोडलेली. चाकांवरची खोली, आत पलंग, गॅस, संडास, सगळं. काकाजींनी मोबाइल काकूंपुढे धरला आणि म्हणाले, "लोकाच्या घरी पायऱ्या असतात. आपून आपलं घर घेऊन जाऊ." काकूंनी ते पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग दोन हॉर्न मारले. मी चष्मा घेऊन धावले.

नागपूरच्या रस्त्यावर एक कारखाना होता, तिथे अशा घरगाड्या बनवत. आम्ही जुन्या जीपमधून गेलो. चालवायला शालिक. तो पूर्वी यांच्याच कापसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, आता त्याचेही केस पांढरे झालेले. त्यानं घरासाठी केलेली उताराची लांब फळी जीपला लावली की काकू स्कूटरनं वर चढून आपल्या आपण सीटवर सरकत. मागून टेम्पोत दोन स्कूटर. कारखान्याचा मालक गोड बोलणारा होता. त्यानं एक तयार गाडी दाखवली. आत निळे दिवे, टीव्ही, आरशाचं छत. काकूंनी छताकडे पाहून विचारलं, "हे कोणासाठी आहे?" मालक लाजला. काकाजीही लाजले.

मग काकूंनी कामाचं विचारलं. दार केवढं रुंद, जमिनीपासून फरशी केवढी उंच, आत गेल्यावर स्कूटर कुठे उभी राहणार, रात्री तिला चार्जिंग कुठून मिळणार. मालक म्हणाला, काकू, स्कूटर तर मागे टेम्पोत टाकू, आणि तुमची काळजीच करू नका, सोबत आमची पोरं देतो, अलगद उचलून आत ठेवतील. बोलणं पुरं व्हायच्या आत काकूंनी हॉर्नवर अंगठा ठेवला आणि काढलाच नाही. कारखान्यातले वेल्डिंगवाले काम थांबवून बाहेर आले. मालक गप्प झाल्यावर काकूंनी अंगठा उचलला आणि शांतपणे म्हणाल्या, "हाव, मंग दाराचं काय म्हणत होता तुमी?"

त्यानं दुसरा मार्ग काढून पाहिला. दोन स्कूटर आत मावणार नाहीत, एकच न्या, आळीपाळीनं वापरा. काकू म्हणाल्या, "मंग कवळीबी एकच नेतो दोघांत. सकाळी हे जेवतीन, संध्याकाळी मी."

शेवटी माप घ्यायचं ठरलं. मालकाचा माणूस टेप घेऊन रिकाम्या स्कूटरकडे गेला. काकूंनी त्याला थांबवलं. रिकाम्या स्कूटरचं माप काय कामाचं, त्या म्हणाल्या, रिकामी स्कूटर कुठे जाते? त्या स्वतः बसल्या, नेहमीसारखे कोपर बाहेर काढून, टोपलीत पर्स, पाठीमागे उशी, आणि मग मापून घेतलं. काकाजींचंही तसंच. त्यांचा डावा पाय थोडा बाहेर राहतो, तो धरून. मग वळायला किती जागा लागते ते पाहायला दोघांनी अंगणात गोल फेऱ्या मारल्या. कासव आत, ससा बाहेरून. शालिकनं खडूनं वर्तुळं आखली. शेवटी मालकच म्हणाला, आता बस झालं, समजलं. पण काकू आणखी तीन फेऱ्या मारून आल्या. त्यांना तिथली फरशी आवडली होती.

महिन्याभरानं बोलावणं आलं. गाडी मापाप्रमाणे झाली होती. दार मागच्या बाजूला, खाली उतरणारी लोखंडी फळी, आणि मागेच दोन्ही स्कूटरची जागा. फळी आखूड आणि चढ उभा. काकाजी आधी गेले, कासवावर, रडतखडत. त्यांच्यामागे काकू गेल्या. आणि काकू आत शिरताच गाडीचं पुढचं तोंड हवेत उठलं. गाडी जीपला जोडलेली नव्हती, आणि सगळं वजन चाकांच्या मागे. बंडीत माल मागे भरला की बंडी उलार होते, जू वर जातं, बैल लोंबकळतात, तसंच. बैलांच्या जागी मालक. त्यानं धावत जाऊन पुढचा दांडा धरला आणि त्यावर पोट टाकलं.

दुसरं कोणी असतं तर घाबरून बाहेर आलं असतं. काकू थोड्या मागे आल्या, तोंड खाली आलं. पुन्हा आत गेल्या, तोंड वर गेलं. मालकाचे पाय जमिनीवरून सुटले. काकूंना ते आवडलं. त्या आत-बाहेर करू लागल्या. मालक वर-खाली होऊ लागला. काकाजी अगदी आत अडकलेले. त्यांना बाहेर यायचं तर आधी काकूंनी बाहेर यायला हवं. आतून त्यांचा शांत आवाज आला, "शालिक, मी इथंच आहे. लग्न झाल्यापासून असंच सुरू आहे, तू चहा पिऊन ये."

त्यानंतर मालक शहाणा झाला, किंवा दमला. पुढच्या वेळी दार बाजूला आलं होतं, जाडजूड माणूस वळेल एवढं रुंद. फरशी खाली घेतलेली. फळी लांब, दोन घड्यांची, म्हणजे चढ जवळजवळ जाणवतच नव्हता. स्कूटरची जागा बरोबर मधोमध, चाकांच्या वर. दोन्ही टोकांना पलंग, म्हणजे स्कूटरवरून नुसतं सरकलं की पलंगावर. दोघांना आत जाता येत होतं, वळता येत होतं, आणि काकूंना न विचारता काकाजींना बाहेरही येता येत होतं. काकू म्हणाल्या, "हे शेवटचं नसतं केलं तरी चाललं असतं."

आता निघायचं राहिलं. आणि इथे आमच्याच घरची खोड आडवी आली. व्यापाऱ्याचं घर. त्या घरात काही थोडं आणायची रीतच नव्हती. ज्वारी पोत्यानं, तूरडाळ पोत्यानं, तेल डब्यानं. किलोभर काही आणलं तर काकू म्हणत, आपण आपल्याच घरी पाहुणे आहोत का? घरगाडीत पलंगाखाली मोकळी जागा दिसली आणि काकूंना राहवेना. रोज काहीतरी भरलं जाऊ लागलं. तांदूळ गेले, डाळ गेली, पापड, सांडगे, कुरडया, लोणच्याच्या बरण्या. शेवटी पाटा-वरवंटा गेला. मी म्हटलं, काकू, मिक्सर आहे न आत. त्या म्हणाल्या, रस्त्यात चटणी खावीशी वाटली तर? जायचं होतं समुद्रपूरला, मामाजींच्या धाकट्या मुलाच्या लग्नाला. दीड तासाचा रस्ता. शेजारचे लोक विचारत, काकू, काशीला का? काकू म्हणत, त्याच्याही पुढे.

मालकानं बजावलं होतं की गाडीवर पाटी आहे, त्यावर लिहिल्यापेक्षा वजन वाढलं तर ब्रेक धरणार नाही, आणि दोन स्कूटरच केवढ्या भारी असतात. म्हणून निघायच्या दिवशी शालिकनं गाडी वजनकाट्यावर घेतली. कापसाचे दिवस होते, काट्यापुढे ट्रॅक्टरांची रांग. काट्यावर जीपपासून सोडवून, टेकू लावून ती पांढरी खोली एकटी उभी केली. खिडकीतून काकू बाहेर पाहत होत्या. उतरायला तयार नव्हत्या. वजन करायचं तर सगळ्याचं करा. काटेवाल्यानं विचारलं, माल काय आहे? काकाजी आतून म्हणाले, "अर्धा माल, अर्धी मालकीण."

वजन पुष्कळ वर गेलं. शालिक काकूंजवळ आला आणि चाचरत म्हणाला की काहीतरी उतरवावं लागेल, नाहीतर मी चालवणार नाही. मागे ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवू लागले. मग काकाजीच म्हणाले, माझी स्कूटर ठेवून देऊ. मी पलंगावर पडून राहीन, खिडकीतून लग्न पाहीन. मला उचललं तरी चालतं, मला काही वाटत नाही.

काकूंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. मी एवढ्या वर्षांत काकूंना एवढ्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"तुमाले कोणी विचारलं होतं का, वाटते का नाई म्हणून?"

काकाजींनी नकारार्थी मान हलवली.

"मंग कसं माहीत, वाटत नाई म्हणून? चूप बसा. शोभे, पाटा उतरव."

पाटा उतरला, वरवंटा उतरला. तांदूळ, डाळ, पोतीच्या पोती उतरली. ती एका टेम्पोनं घरी गेली. लोणच्याच्या बरण्या मात्र काकूंनी परत पाठवल्या नाहीत. रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्यांना खिडकीतून एकेक देत गेल्या आणि म्हणाल्या, "हे खा अन् वाट पाहा. भोंगा वाजवाचा तं मलेबी वाजवता येते." वजन खाली आलं. दोन्ही स्कूटर जागच्या जागी राहिल्या.

समुद्रपूरला मंडप तसाच होता. स्टेज तसंच छातीएवढं, पायऱ्या तशाच. शालिकनं घरगाडी मंडपाच्या कडेला लावली, दार मंडपाकडे. मामाजी धावत आले. त्यांना इतका आनंद झाला होता की डोळे भरलेले. आणि त्यांच्यामागे ती चार तगडी मुलं, बाह्या सरसावून. मामाजी म्हणाले, आक्का, चाल, पोरं तयार आहेत.

मी काकूंकडे पाहिलं. मला वाटलं, आता हॉर्न. पण काकूंनी फक्त दार उघडायला सांगितलं. शालिकनं फळी खाली सोडली. त्यावर काकूंनी घरून आणलेली लाल सतरंजी त्यानं अंथरली. काकू दाराशी आल्या, स्कूटरवर बसलेल्या, पदर नीट खोचलेला, शेजारी काकाजी. आणि खालच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मामाजींना म्हणाल्या, "आमी बसलो आहो. नवरानवरीले सांग, वर या."

मामाजी घोटाळले. पण नवरी शहाणी होती. शालू सावरत ती स्टेजवरून उतरली आणि फळीवरून वर आली. मागून नवरदेव, मागून फोटोवाला. फोटोवाला आला म्हटल्यावर मागून रांग. आतली व्यवस्था पाहायला बायका घुसल्या. नवरीची आजी काठी टेकत वर आली, पलंगावर पाय पसरून बसली आणि म्हणाली, मी आता इथून उठत नाही. तिला जेवणही तिथेच दिलं. अर्धं लग्न घरगाडीत आणि उरलेलं तिच्या दाराशी. स्टेजवर फक्त दोन रिकाम्या खुर्च्या आणि त्यांच्यापुढे वारा घालणारा पंखा. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत होत्या, जपून चढा, कोणाला उचलायचं असेल तर चार पोरं खाली उभी आहेत.

सगळ्यात शेवटी मामाजी आले. फळीवरून चढताना त्यांनाच दम लागला. काकूंपुढे उभे राहून म्हणाले, "आक्का, राग हाये का तुले अजून? त्या साडीचा?"

"साडीचा नाई रे. त्या दिवशी मी खाली ठेवा म्हणून राह्यली होती. तू आयकलं नाई."

"आयकलं होतं," मामाजी म्हणाले. "मले वाटलं, तू लाजून राह्यली."

"लाजते थे ही शोभा. तिलेबी एकदा विचारून पाह्य, काय पाहिजे म्हणून."

मामाजी खाली बसले. काकूंच्या पायांशी नव्हे, काकूंच्या शेजारी, पलंगाच्या कडेवर. मी चहा केला.

त्यानंतर काकूंना घरात बसवत नव्हतं. हिवाळा आला की आम्ही निघायचो. काकू, काकाजी, शालिक आणि मी. कुठे जायचं ते सकाळी ठरायचं आणि दुपारी बदलायचं. नर्मदेच्या काठी काकूंनी एका साधूला स्कूटर चालवायला दिली. तो तिच्यासकट दृष्टीआड झाला, आणि काकाजींनी कासवावरून त्याचा पाठलाग केला. साधू सापडला. सापडला तेव्हा तो मुलांना फेऱ्या देत होता. आम्ही परत येताना प्रत्येक वेळी समुद्रपूरला मुक्काम करायचो, मामाजींच्या अंगणात. मामाजी रात्री घरातलं अंथरूण सोडून घरगाडीत गप्पा मारायला येत.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. कधी नव्हे ते त्या खरंच झोपल्या होत्या. आणि मी फाटकापाशी जाऊन लोकांना तसं सांगत होते, तर कोणी परत जाईना.

या वर्षी मामाजींच्या मुलीचं लग्न झालं. काकाजी नको म्हणत होते, मग निघाले. मंडपात शिरलो आणि मी जागीच थांबले. स्टेज होतं, पण कमरेच्याही खाली. आणि पायऱ्यांच्या जागी लांब, सावकाश चढत जाणारा उतार, दोन स्कूटर शेजारी शेजारी जातील एवढा रुंद. मामाजींनी मंडपवाल्याजवळ बसून करून घेतला होता. काकाजी त्यावरून वर गेले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, खाली आले. खाली येऊन वळले आणि पुन्हा वर निघाले. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. मुलगी पुन्हा वाकली तेव्हा ते तिला म्हणाले, "आधीचा माह्या होता. हा तुह्या आत्याचा."

परत येताना अर्ध्या उतारावर त्यांची स्कूटर थांबली. बॅटरी संपली असावी. ती चार मुलं, आता चांगली बाप झालेली, एकदम पुढे धावली. मामाजींनी दोन्ही हात आडवे करून त्यांना अडवलं. स्वतः उतारावर चढले, काकाजींच्या तोंडापाशी वाकले आणि विचारलं, "भाऊजी, हात लावू का?"

मंडपात वाजंत्री वाजत होती, जेवणाची गडबड होती, पण सगळे थांबून राहिले. काकाजींनी घाई केली नाही. पुढे पाहिलं, शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि मग म्हणाले, "हाव. आता लाव."